चुंगडी आणि दावं

परवा दुपारी एक काका सातबारा काढायला आले. मी गट नंबर विचारला तर म्हणे थांबा, कागद गाडीतच राहिला, आणतो, आणि बाहेर गेले ते गेलेच. गाडी चालू झाल्याचा आवाज आला, मला वाटलं पेट्रोल टाकायला गेले असतील. पाच मिनिटांनी प्रिंटरच्या खाली कुईकुई सुरू झाली. वाकून पाहतो तर युरियाची चुंगडी, तोंड सुतळीनं बांधलेलं, पण सैल, आत हवा जाईल एवढं सैल, म्हणजे बांधणाऱ्यानं तेवढा विचार केला होता. आत चार पिल्लं. चारही माद्या.

माद्याच असतात नेहमी. नर पिल्लू कोणीतरी वावरात राखणीला ठेवून घेतं, मादी म्हटलं की वर्षाला दोन दोन वेळा अंगणात पिल्लं, मग ती कोण सांभाळणार, म्हणून चुंगडी. आणि चुंगडी म्हटलं की मी. त्या काकांना मी ओळखत नाही पण त्यांना माझा पत्ता बरोब्बर माहीत होता, फाट्यावरचा ऑनलाईनवाला, त्याच्याकडे सोडा, तो टाकून देत नाही. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्हा, आणि आता आजूबाजूच्या सात-आठ गावांत माझं नाव कुत्रेवाला भाऊ असं झालंय. दहा वर्षं झाली लोकांचे पीक विम्याचे फॉर्म भरतोय, रात्री बारा बारा वाजेपर्यंत सर्व्हर चालू व्हायची वाट पाहत बसलोय, पण नाव पडलं ते कुत्र्यावरून. बायको म्हणते बोर्डावरच लिहून टाका की, झेरॉक्स, पॅन कार्ड, पीक विमा, पिल्ले स्वीकारली जातील.

चारपैकी एक काल एका मेंढपाळाच्या पोरानं नेली, बाकी तीन आत्ता हे टाईप करताना पायाखाली आहेत आणि त्यातली एक माझी चप्पल खातेय.

लोकांना वाटतं मी जन्मजात असा आहे, मऊ काळजाचा वगैरे. तसं काही नाही. आणि नुसत्या मऊ काळजानं काय होतं ते मला पहिल्याच वेळी कळलं. २०१६ च्या पावसाळ्यात शकुंतलेच्या रुळाजवळ (आमची ती मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी) झुडपात पाच पिल्लं सापडली, डोळे पण उघडले नव्हते, पावसानं भिजून गार पडलेली. मी शर्टात गुंडाळून घरी आणली, आणि लगेच वाटीत फ्रीजमधलं गाईचं दूध काढलं आणि लहान लेकराला पाजतात तसं एकेकाला उताणं धरून ड्रॉपरनं पाजलं. किती चांगलं काम करतोय असं वाटत होतं मला. सकाळपर्यंत तीन मेली, चौथं दुपारी.

नंतर ढोर डॉक्टरांनी सांगितलं की तूच मारली रे बापा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर, अंग गरम झाल्याशिवाय पोटातलं दूध पचतच नाही. उताणं धरून पाजलं की दूध नाकात, फुप्फुसात जातं, पिल्लाला पालथंच ठेवायचं जसं ते आईच्या पोटाशी पडलेलं असतं. गाईच्या दुधानं जुलाब लागतात, त्यापेक्षा बकरीचं बरं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती, एवढ्या लहान पिल्लाला स्वतःहून लघवीसुद्धा होत नाही, त्याची माय चाटते तेव्हा होते, म्हणून कोमट पाण्यात कापूस भिजवून खालून हळूहळू पुसायचं, दर दोन-तीन तासांनी, रात्री पण. आता मी हे रात्री तीन वाजता मोबाईलच्या उजेडात डोळे मिटून करू शकतो. पाचवं पिल्लू जगलं ते बहुतेक आईनं चुलीजवळ टोपल्यात ठेवलं होतं म्हणून. तीच आमची टिकली.

टिकली पुढं चार वर्षांची झाली तेव्हा कोणाशी तरी भांडून आली. कानामागं लहानशी जखम होती, मी दुर्लक्ष केलं, खरीप विम्याची शेवटची तारीख होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी तिच्याजवळ बसलो तर वास आला. तो वास एकदा आला की माणूस विसरत नाही. केस बाजूला केले तर बोट जाईल एवढं भोक, आणि आत भात शिजताना दाणे जसे उकळीसोबत खालीवर होतात तसं काहीतरी पांढरं हलत होतं. किडे. मला तिथंच ओकारी आली. मग तारपीन तेलाचा बोळा भोकावर धरला, थोड्या वेळानं ते किडे वर यायला लागतात, एकेक चिमट्यानं काढायचा. त्रेसष्ट निघाले. मोजले मी, का मोजले माहीत नाही, मोजत गेल्यानं हात थरथरत नव्हता एवढंच. टिकली इतका वेळ तोंड माझ्या मांडीत खुपसून पडून होती, एकदाही दात लावला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक इंजेक्शन मारलं, जखमेवर स्प्रे दिला, आणि मला झाप झाप झापलं की फिनाईल-बिनाईल टाकलं असतंस तर मांस जळलं असतं.

चावलं मला दुसरंच कुत्रं. ओळखीचंच होतं, रोज माझ्या हातची पोळी खाणारं, दोघांच्या भांडणात मी मधे हात घातला, चूक माझी. पोटरीतून रक्त आलं. घरी पोचलो तर आई तिखटाचा डबा घेऊनच दारात, आमच्याकडे कुत्रं चावलं की जखमेवर मिरची भरतात, कोणी चुना लावतात, विष जळते म्हणे. मी लंगडत लंगडत थेट नळाखाली पाय धरला आणि साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटं धूत बसलो, आई तोपर्यंत डबा हातात धरून उभी, धुणं संपलं की भरीन या आशेनं. बाबा म्हणाले आता बेंबीजवळ चौदा इंजेक्शनं. त्यांच्या काळात होती तशी. आता दंडात कातडीतल्या कातडीत थोडं थोडं टोचतात, पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पण रक्त निघालेलं असलं तर जखमेत वेगळं सीरमही द्यावं लागतं आणि ते जवळच्या सरकारी दवाखान्यात नव्हतं, तिथल्या बाई म्हणाल्या घरी जा, काही होत नाही, पाळलेलंच होतं ना. मी यवतमाळला गेलो. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढं सांगणं की प्रेम बिम बाजूला ठेवा आणि सीरम घ्या, रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की मग डॉक्टरच्या हातात काही राहत नाही.

आता जे सांगायला लाज वाटते ते.

मी दुकानासमोर कुत्र्यांना खाऊ घालायचो. ढाब्यावरच्या उरलेल्या पोळ्या, कधी भाताची खरड. पाच होते ते अकरा झाले. अकरा कुत्रे एकत्र राहिले की ते वेगळंच जनावर असतं, हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही, मला मात्र कळलं नाही. एका पहाटे त्यांनी मागच्या गल्लीतल्या एका काकूंची दोन करडं फाडली, एक पाठ, एक बोकड. काकूंचा नवरा नाही, दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जातात, पाच बकऱ्या एवढाच बँक बॅलन्स. मी सात हजार रुपये घेऊन गेलो. त्यांनी घेतले, मोजले, पदराला बांधले आणि म्हणाल्या, "तुमच्या दयेनं माह्या पोराची फी खाल्ली भाऊ." आजही दुकानात येत नाहीत, दारव्ह्याला जाऊन झेरॉक्स काढतात, वीस रुपये जाण्याचे वीस येण्याचे.

त्यानंतर मी खाऊ घालायची जागा बदलली, गावाबाहेर पाण्याच्या टाकीमागं, अंधार पडल्यावर, आणि एकेक मादी ऑटोत टाकून यवतमाळला नेऊन ऑपरेशन करून आणलं. एका कुत्रीमागं ऑटो धरून साडेतीन हजार लागले, आतापर्यंत सहा झाल्या. खरं म्हणजे हे काम स्थानिक संस्थेचं आहे, २०२३ चे नवे नियम आहेत तसे, भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण तिनं करायचं. खेड्यात स्थानिक संस्था म्हणजे ग्रामपंचायत. आमच्या इथं पथदिव्याचा बल्ब बदलायला चार महिने लागतात, तर जाऊ द्या.

आमचे बाबा म्हणतात पहिले एवढे कुत्रे नव्हतेच गावात. यात तथ्य आहे. मेलेलं ढोर गावाबाहेर नेऊन टाकलं की गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा, हे मी स्वतः लहानपणी पाहिलंय, शाळेतून येताना आम्ही पोट्टे गोटे मारायचो त्यांना. नंतर ढोरांना तापासाठी, सुजेसाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सर्रास सुरू झालं, ते औषध अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी जाते. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर गिधाडं संपत आली होती. मग ढोर पडून राहतं, आणि खायला कोण येणार, कुत्रे. माझ्या पोरीनं गिधाड फक्त मोबाईलमध्ये पाहिलंय.

हे सगळं करताना लोक दोन नावं हमखास घेतात. एक गाडगेबाबा, कारण ते आमचेच, शेंडगावचे, आणि आमच्या शाळेच्या भिंतीवर त्यांची दशसूत्री रंगवलेली होती, भुकेल्यांना अन्न पासून सुरू होते, त्यात मुक्या प्राण्यांना अभय आहे. त्यांची ती गोष्ट तर आजीनं शंभर वेळा सांगितली असेल, पोरीच्या बारशाला जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि बोकड हवा होता आणि यांनी गोडाचं जेवण घातलं, लोक नाराज झाले तर झाले. दुसरं नाव हेमलकसा. प्रकाश आमटेंकडे तिथं बिबटे, अस्वलं सगळं आहे, आणि सुरुवात झाली ती शिकारीत मारलेल्या माकडिणीला चिकटलेल्या जिवंत पिल्लापासून. मला कोणी म्हणतं तुम्ही तर आमच्या गावचे आमटे, तेव्हा मला त्या काकूंचा पदर आठवतो आणि मी विषय बदलतो. (एक सांगून ठेवतो, रोह्याचं म्हणजे नीलगाईचं, हरणाचं, माकडाचं पिल्लू सापडलं तर घरी नेऊ नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, फॉरेस्टवाल्यांना फोन करा. मागच्या वर्षी एकानं रोह्याचं पिल्लू चक्क स्कूटीवर आणलं होतं माझ्याकडे.)

पण कुत्री-मांजरं हा एक भाग झाला. आमच्या भागात आता खरं बेवारस जनावर म्हणजे बैल. आणि त्यावर लिहायचं म्हणजे मला घरातलंच लिहावं लागेल.

आमच्याकडे खैऱ्या आणि पांड्या अशी जोडी होती. पांड्या २०१४ च्या पावसाळ्यात धुऱ्यावर पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. खैऱ्या एकटा राहिला, वय झालेलं, दात झिजलेले, एकट्या बैलाचा औताला उपयोग नाही आणि दुसरा बैल घ्यायला पैसा नाही, बाबांनी पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली. पूर्वी अशा वेळी काय करायचे ते सगळ्यांना माहीत आहे, तोंडानं कोणी बोलत नाही. बाजारात न्यायचा, व्यापारी घ्यायचा, आलेल्या पैशात थोडे टाकून गोऱ्हा घ्यायचा, आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलायचं नाही. गाईवर बंदी १९७६ च्या कायद्यापासूनच होती, बैलाला मात्र कामाचा राहिला नाही असा दाखला मिळायचा. मार्च २०१५ मध्ये बैलही त्या कायद्यात आला. कायदा बरोबर का चूक यावर पानठेल्यावर रोज भांडणं होतात आणि मी त्यात पडत नाही, मला खैऱ्या कापायला जावा असं कधीच वाटलं नाही. पण कायद्यात बैलाच्या कुटाराचं, म्हणजे चाऱ्याचं, कुठंच काही लिहिलेलं नव्हतं हेही खरं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लागोपाठ दोन नापिकीनंतर घरात कुटार संपलं, ढेप (सरकीची पेंड) तर माणसाच्या खाण्यापेक्षा महाग. बाबा त्याला बाजारात घेऊन गेले, घेऊन परत आले. एका गोरक्षणात चौकशी केली, त्यांनी जागा नाही सांगितलं, आणि मग सांगितलं की पाच हजाराची पावती फाडली तर पाहू. पाच हजार असते तर कुटारच आणलं नसतं का.

मग एके रात्री जेवण झाल्यावर बाबांनी खैऱ्याला सोडला. मी विचारलं कुठं, तर म्हणाले येतो. मी समजलो होतो, तीस वर्षांचा होतो, न समजायला काय झालं, पण मी खाटेवरून उठलो नाही. हे लिहून ठेवतो. सकाळी साडेसातच्या एसटीतून बाबा फाट्यावर उतरले तेव्हा मी दुकानाचं शटर उघडत होतो. त्यांच्या खांद्यावर दावं होतं. बैल नव्हता. एका हातात चपला, रात्रभर चालून अंगठा तुटला होता. घरी गेले तर आईनं एक शब्द विचारला नाही, आंघोळीचं पाणी बाहेर अंगणात ठेवलं, मयतीवरून आलेल्या माणसाला ठेवतात तसं. दावं कोठ्यातल्या खुंटीला अडकवलं ते तिथंच राहिलं.

मी तीन महिने बाबांशी नीट बोललो नाही. काळीज दगडाचं आहे म्हटलं एकदा, तोंडावर. त्याच पावसाळ्यात मला ती रुळाजवळची पिल्लं सापडली आणि मी मऊ काळजाचा झालो.

२०२५ च्या मे महिन्यात फाट्यावर एक बैल येऊन उभा राहिला. पांढरा, पुढचा उजवा पाय टेकत नव्हता, पानठेल्यामागं खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या चघळत होता. शिंगाच्या मुळाशी मागच्या पोळ्याचं हिंगूळ अजून थोडं राहिलं होतं, म्हणजे आठ-नऊ महिन्यांपूर्वी याला कोणीतरी धुतला होता, रंगवला होता, पोळी चारली होती. कान फाटलेला. कानात तो पिवळा बिल्ला असतो ना बारा आकड्यांचा, त्या नंबरवर मालकाचं नाव निघतं, मी दुकानात बसून काढून देऊ शकतो इतकं सोपं आहे, म्हणून सोडणारे आधी बिल्ला ओढून काढतात. मी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ नंबरवर फोन केला, दुसऱ्या दिवशी गाडी आली, खुरात तार घुसलेली निघाली, बोटाएवढी. डॉक्टर म्हणाले चालेल हळूहळू पण औताला नाही.

मी संध्याकाळी भीत भीत घरी आणला, बाबा काय म्हणतील म्हणून मनात भाषण तयार करत. बाबा ओट्यावर बसले होते. बैलाकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, उठले, कोठ्यात गेले आणि खुंटीवरचं दावं घेऊन आले. नऊ वर्षांचं दावं, कडक झालेलं, बादलीत भिजवावं लागलं. माझं भाषण राहूनच गेलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी त्याची खांदशेकणी केली, तूप आणि हळद, पळसाच्या पानानं, ज्या खांद्यावर आता कधीच जू येणार नाही तो खांदा, आणि कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तोरणाखाली नेला नाही, एक तर लंगडा आणि दुसरं म्हणजे आपला नाही, असं बाबांचं म्हणणं. पोळा २२ ऑगस्टला होता. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं दिल्लीची सगळी भटकी कुत्री पकडून डांबायचा आधीचा आदेश बदलला, की नसबंदी आणि लस झाली की कुत्रं होतं तिथंच परत सोडा, पिसाळलेलं किंवा फार चावरं सोडून, आणि खाऊ घालायला ठरलेल्या जागा करा. पानठेल्यावर पोट्टे मला चिडवत होते, "भाऊ, तुमची पाण्याची टाकी सुप्रीम कोर्टात पोचली." मीही खूश होतो जरा, खोटं का बोलू.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात एक अनोळखी माणूस. साठीचा असेल, जुनी स्प्लेंडर, हातात पेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. बाबांना सांगत होता, "कोनं तरी सांगतलं तुमच्या इथं एक बैल हाये म्हनून." कोणता बैल, कसा बैल, काही नाही. तो हे बोलत असतानाच कोठ्यात बैलानं मान वर केली, कान पुढं केले, आणि दाव्याला इतका ओढला की खुंटा हलला. चार महिन्यांत तो बैल असा कधी उठला नव्हता.

माणूस आत गेला. पेपरमध्ये दोन पुरणाच्या पोळ्या होत्या. बैलानं पोळी खाल्ली आणि मग त्याचा हात चाटायला लागला, मनगट, मग कोपरापर्यंत, खरखरीत जिभेनं, शर्टाची बाही ओली झाली तरी त्यानं हात काढला नाही. मी दारात उभा होतो. माझ्या मनात सगळं आलं होतं, बिल्ला ओढताना कान फाटला तेव्हा काय वाटलं नाही का, तार खुरात घेऊन किती दिवस चालला असेल, हे सगळं जिभेच्या टोकावर होतं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं फक्त.

मग त्या माणसाला विचारलं, "नेता का?"

तो म्हणाला, "कुटार नाई ना भाऊ."

"बरं. बसा. च्या घ्या."

दोघं ओट्यावर बसले. आईनं चहा दिला, पोळ्याचं म्हणून वाटीत कढी आणि वडाही दिला. सोयाबीनवर पिवळा रोग पडून राहिला यावर बोलले, यंदा पाऊस कसा तुटक तुटक पडला यावर बोलले, त्याच्या लहान्या पोराचं पुण्यात काय चाललंय यावर बोलले. बैलावर एक शब्द नाही. अंधार पडल्यावर तो उठला, कोठ्याकडे न पाहता गाडीला किक मारली. गाव कोणतं ते बाबांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, बाबा सकाळीच पांढरा शर्ट घालून तयार. म्हणाले, "गाडी काढ." कुठं विचारलं तर "चाल तं खरी".

दिग्रसच्या रोडनं निघालो. मागं बसून ते फक्त हात दाखवत होते, पुढं, अजून पुढं. आभाळ भरून आलेलं. एका वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली तिथं थांबलो. आता तिथं ढाबा झालाय, बाहेर प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, बाजूला पंक्चरवाला.

"अथीच?"

"हाव. एक बाभूय होती. आता नाई दिसत." रस्ता रुंद केला तेव्हा गेली असेल. ते उतरून पंक्चरच्या दुकानामागं नाल्यापर्यंत जाऊन आले. "पह्यले बांधला होता बाभईले. मंग म्हटलं, बांधून राह्यला तं पान्याबिगर मरन. सोडला. एसटी आली तं मागं मागं आला थोडासा."

"मग?"

"मंग काय. कंडक्टरनं घंटी मारली."

मी खैऱ्या हे नाव तोंडातून काढलं नाही, त्यांनीही नाही. त्यांनी खिशातून खर्रा काढला, पन्नीत चोळला, थोडा मला धरला. मी खात नाही हे त्यांना माहीत आहे, तरी धरला, आणि मी चिमूटभर घेतला. ढाब्यावरची एक कुत्री येऊन माझ्या पायाचा वास घेत बसली, कान ठीक होते तिचे, अंगावर खरूज थोडी.

"चाल," बाबा म्हणाले, "पानी येते."

दिग्रस यायच्या आतच पाण्यानं गाठलं.